तोंडानं ओढायचा धागा

“आजोबा, धोटा भरून दाखवा की!” सर माईकवर म्हणाले, आणि माझ्या बाबानं दोन्ही हात मागं घेतले.

समोर हॉल गच्च भरलेला. विद्यापीठाच्या इतिहास विभागाचा जाहीर कार्यक्रम, सोलापूरच्या मिल कामगारांच्या आठवणी. आधी प्रमुख पाहुण्यांचं व्याख्यान झालं, मग जुन्या कामगारांना स्टेजवर बोलावलं. बाबाला मीच आणलं होतं. मी त्याच विभागात पीएच.डी. करत होते, तासिका तत्त्वावर शिकवत होते. सर माझे गाईड. बाबा घरात जे सांगायचा ते एकदा चारचौघांत माईकवर सांगू दे, एवढंच माझ्या मनात. त्याची छाती मिलच्या कापसानं खाल्लेली. दोन वाक्यं बोलला की धाप लागते. वस्तीत त्याच्या बरोबरीचं कुणी उरलेलं नाही. तो गेला की ते सांगणारं कुणी नाही.

टेबलावर लाकडी धोटा ठेवलेला. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो, तो.

“मला येत न्हाई,” बाबा म्हणाला.

हॉल हसला. सर पण हसले. “लाजू नका आजोबा! जन्म मिलमध्ये गेला आणि धोटा भरता येत नाही?”

मिलमध्ये होता म्हणजे कापड विणत असणार, असं धरूनच चाललेले. मी कितीदा सांगितलं होतं. तरी बाबाच्या गळ्यातल्या कार्डावर ‘विणकर’ छापलं होतं. इतिहासाचे प्राध्यापक म्हणे!

बाबानं माईक घट्ट धरला. “मी सूतखात्यात होतो. साच्यावर, म्हंजे मागावर, आमच्या जातीच्या माणसाला घेत नव्हते. शिवाशीव बंद करायचा कायदा झाल्ता, पर आत जॉबरचं, म्हंजे मुकादमाचंच राज्य. ह्या धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानं वडून काढाय लागतो. पाळी बदलली की त्योच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. मी साचा मागाय गेलो. जॉबर म्हनला, ‘तुजी थुकी आमी तोंडात घ्यायची व्हय रं?’ समदं खातं हसलं. मी तितंच—”

“आजोबा, आज गोड आठवणींचा दिवस आहे,” सर म्हणाले आणि माईक काढून घेतला. लहान पोराच्या हातातली कात्री घ्यावी तसा. बाबाचं तोंड उघडंच राहिलं. ‘तितंच’च्या पुढं काय, ते मलाही माहीत नव्हतं. घरी तो कधी तिथवर आलाच नव्हता.

मग स्टेजवरच्या एका म्हाताऱ्या विणकरानं धोटा तोंडाला लावला, श्वास ओढला, धागा बाहेर. टाळ्या. पाहुणे म्हणाले, मीही बघतो करून. त्यांनी लावला. सरांनी लावला. हशा, फोटो. एकाचा ओला धोटा दुसऱ्याच्या ओठाला, कुणालाच काही वाटलं नाही.

आणि बाबानं हात पुढं केला.

त्याला वाटलं असेल, आता कोण अडवतंय. येतं का बघू. ऐंशीला टेकलेला माणूस, नव्या खेळण्याकडं बघावं तसा बघत होता.

सरांनी धोटा बाजूला घेतला. “राहू द्या आजोबा. तुम्हाला खोकला आहे. सगळ्यांच्या तोंडाला लागतोय तो.”

खोकला! तेव्हा जात, आता खोकला. आणि तो खोकलाही मिलनंच दिलेला.

सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “यांना खाली घेऊन जा. आणि तू माईकवर दोन शब्द बोल, वडील भावनेच्या भरात बोलले म्हणून. प्रबंधावर माझी सही व्हायची आहे, विसरू नकोस.”

सही नाही तर पदवी नाही, नोकरी नाही. तासिकाही सरांच्याच हातात, आणि घर त्यावर चाललेलं. मी बाबाकडं बघितलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मला हात जोडून सांगत होता, “माग की माफी, बाई. तुजं शिक्शान हाय. माग.”

माझा बाप. माझ्यापुढं हात जोडून. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी माईक घेतला नाही. टेबलावरचा धोटा उचलला, तोंडाला लावला, ओढला. धागा आला नाही. परत ओढला. तोंडात कापसाचे तंतू आले, मग धागा आला. धोटा सरांपुढं धरला.

“माझी थुकी लागली आहे. घ्या सर, आता तुम्ही.”

सरांनी हात पुढं केला नाही. पाहुण्यांपुढं धरला. ते मोबाइलमध्ये बघायला लागले.

“राष्ट्रगीत सुरू करा,” सर म्हणाले. सगळे उठून उभे राहिले. बाबाही राहिला, धापा टाकत.

माझ्या तासिका दुसऱ्याला गेल्या. सर निरोप पाठवतात, प्रबंधातलं जातीवरचं प्रकरण गाळून टाक, मग सहीचं बघू. बाबा आता मिलचं नावच काढत नाही. ‘तितंच’ काय झालं विचारलं तर म्हणतो, “सोड की. माज्यापायी तुजं गेलं.” रोज हेच. घरात बसवत नाही, बाहेर तोंड दाखवावंसं वाटत नाही. खोटं कशाला बोलू, जाऊन सरांचे पाय धरावेत असंही वाटून गेलंय. लई वेळा.

धरणार नाही.

विभागाचं पुढचं व्याख्यान लागलंय. वक्ते सर. विषय, उपेक्षितांचा इतिहास. सर्वांना प्रवेश खुला, असं लिहिलंय. मी जाणार, पुढच्या रांगेत बसणार. काही प्रश्न असतील तर विचारा म्हणाले की उठणार, आणि बाबाला खोकल्याच्या नावाखाली का अडवलंत ते विचारणार. माईक नाही दिला तर ओरडून विचारणार. बाहेर काढलं तर दारात उभी राहून. त्यापुढच्या व्याख्यानालाही तेच. उत्तर मिळेपर्यंत सोलापुरात सरांचं एकही व्याख्यान सुखानं पार पडू देणार नाही.