हुमणी आणि शेजारच्या कोंबड्या

उकरलेल्या खताचा ओलसर वास आला की मला नाशिकचं सासर आठवतं. लग्न होऊन मी सटाण्याकडून तिथं आले, ते सन चौतीसच्या आसपास. परसात भाज्यांची देठं, शेण आणि राख टाकून मी वांग्यांसाठी खत करायला घातलं होतं. पावसाळा सरताना ढीग उकरला, तर आत हुमणीच्या पांढऱ्या, जाड अळ्याच अळ्या! सासूबाई कडाडल्या, "किडे पाळलेस का गं? उद्या सगळं फेकून दे." माझे डोळे भरून आले. भिंतीपलीकडे एका मुसलमान विणकराचं घर होतं. त्यांच्या कोंबड्या आमच्याकडे फिरकल्या की सासूबाई काठी घेऊन धावत. त्या विणकराची बायको भिंतीवरून डोकावून म्हणाली, "बाई, कोंबड्या सोडू का? घटकाभरात फडशा पाडतील." सासूबाईंनी एकदा अळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सोडा. पण ओट्यावर एक जरी चढली तर बघा!" मग मी फावड्यानं ढीग उलटत राहिले आणि कोंबड्या अळ्या मटकावत राहिल्या. थोड्या वेळानं सासूबाईच पदर खोचून पुढे आल्या आणि एका कोंबडीला सांगू लागल्या, "अगं, तिकडं कुठं? तुझ्या पायाशी बघ!" आम्ही तिघी हसून बेजार झालो. खत वाचलं. हिवाळ्यात वांगी लागली, तेव्हा पहिला वाटा सासूबाईंनी मला न विचारताच भिंतीपलीकडे दिला. "आमच्या सुनेनं पिकवलीत," असं त्या सांगत होत्या. आता मीच सासू झाले आहे, पण ते शब्द आठवले की अजून सुखावते.