डाइव्ह कॉम्प्युटर आणि मेहुण्याची विहीर

पन्नाशी ओलांडल्यावर आम्हा नवरा-बायकोला समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचं खूळ लागलं. शेवगावात हे कुणाला सांगायची सोय नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानात पाथर्डीकडचं एक गिऱ्हाईक बसलं होतं, ते सगळं ऐकून म्हणालं, "आवो, पर येवढं पानी हाय कुटं?"

पाणी मालवणला होतं. पाठीवर टाक्या बांधून दोनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेआधी तिथल्या प्रशिक्षकाने बजावलं, आता स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर घ्या. हे मनगटावर बांधायचं यंत्र. आपण किती खोल आहोत आणि आणखी किती मिनिटं खाली थांबलं तर चालेल, हे ते सांगतं. ती मिनिटं ओलांडून तडक वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. तोवर दोघांत मिळून एकच भाड्याचा वापरला होता, अर्थात माझ्या मनगटावर. पुढेही एकच पुरे, असं माझं ठाम मत होतं. सोबतच तर असतो!

प्रशिक्षकाने दोन नमुने घरी नेऊन वापरून बघायला दिले. एक घड्याळासारखा, देखणा. लग्नात घातला तर चार जण विचारतील असा. दुसरा साबणाच्या वडीएवढा, त्यावरचे आकडे एसटीच्या पाटीवर असतात तसे. मी अर्थातच देखणा उचलला.

"अहो, त्यातलं दिसतं का तुम्हाला?" बायको म्हणाली.

माझी सटकली. अर्ध्या तालुक्याच्या नाकावर मी चष्मे चढवलेत, आणि ही मला विचारते दिसतं का! खरी गोष्ट अशी, की वर्षभर मी पेपर लांब धरून वाचत होतो आणि आता हात पुरत नव्हता. पण कबूल कोण करणार?

त्या देखण्याची परीक्षा घ्यायची ठरली ती बायकोच्या माहेरी, कोल्हारला, मेहुण्याच्या विहिरीत. श्वास रोखून मारायच्या बुडीसाठी यंत्रात वेगळी सोय असते, ती बायकोने लावली. मी डोळ्यांवर मास्क चढवला आणि दिली उडी. तळाला पाय लागले. अंधुक उजेडात मनगट जवळ घेतलं, लांब केलं, पुन्हा जवळ घेतलं. आकडा दिसला. वर येऊन ऐटीत ओरडलो, "आठ पूर्णांक चार मीटर!"

मेहुणा काठावर उकिडवा बसला होता. "दाजी, म्हंजी किती परस?"

"साडेचार-पाच परस. तेवढी माणसं एकावर एक उभी राहतील एवढं."

"काय सांगता! आवो, हिरीत पानीच दोन परस हाय. सकाळीच दोर सोडून बघितलंय मी."

मी दोराला नावं ठेवली. दोर ओला होऊन आखडला असेल, असंही म्हणालो. बायकोने माझ्या मनगटावरून यंत्र सोडवलं, दोन बटणं दाबली. मेल्याने सगळं टिपून ठेवलं होतं! सर्वांत जास्त खोली, तीन पूर्णांक चार. तिने ते आधी भावाला दाखवलं आणि मग मला. मेहुणा पोट धरून हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय?

ती मात्र हसत नव्हती.

"मागच्या खेपेला," ती म्हणाली, "त्या मोठ्या खडकापाशी मी तुम्हाला खुणेने विचारलं होतं, किती मिनिटं राहिली. तुम्ही आठ बोटं दाखवलीत. म्हणून मी निवांत थांबले, कासव बघत."

मला आठवलं. कासव छान होतं.

"ते आठ होते की तीन?"

विहिरीच्या पायरीवर मी नुसता निथळत उभा राहिलो. काहीतरी फेकायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिच्यापुढे थाप निघेना. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कासवापाशी निवांत तरंगणाऱ्या ह्या बाईच्या जिवाची.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला दिसलंच नव्हतं."

तिने यंत्र रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं.

"दोन घ्यायचे," ती म्हणाली. "मोठ्या आकड्यांचे. आणि पाण्यात आता मी तुम्हाला काही विचारायची नाही."