खडकीच्या अंगणातून गेलेली बोट

ती फिर्याद मी आजही विसरलेलो नाही. खडकीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. साठीच्या घरातले एक जोडपे आत आले आणि गृहस्थ ठाणे अंमलदाराला म्हणाले, "आमची बोट चोरीला गेली."

"बोट? कुठून?"

"अंगणातून."

"अहो, अंगणात पाणी किती होतं?"

"तुमच्या टेबलावर आहे तेवढंच," बाई म्हणाल्या. "आता लिहून घ्या."

मी दोघांना आत बोलावून घेतले. गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर होते. बाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. धरणाच्या पलीकडच्या काठावरच्या गावांत त्या दर आठवड्याला औषधे घेऊन जात. एकदा तिथे एका तरुणीला साप चावला. धरणाला वळसा घालून तिला आणेपर्यंत उशीर झाला. परत आल्यावर बाई जेवल्या नाहीत. नवऱ्याने फक्त एवढेच विचारले, "मधल्या पाण्यावरून किती वेळ लागला असता?"

त्यानंतर ते दोघे बोट बांधायला बसले. आधी सांगाडा, त्यावर मरीन प्लायवूड, वरून फायबरग्लासचे थर. इंजिन जुने घेतले आणि गृहस्थांनी ते सुटे करून पुन्हा जुळवले. मध्ये एक लांब बाक होते, आजारी माणसाला आडवे निजवता येईल असे. दोन वर्षे त्यांच्या अंगणात दुसरे काही झाले नाही. विमा काढायला गेले, तर घरी बांधलेली बोट म्हटल्यावर लोक हसायचे. अखेर एका एजंटाने खटपट केली. तज्ज्ञाने बोट तपासली आणि पॉलिसी मिळाली. लगेच पुढच्या आठवड्यात दोघे भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. परतले तेव्हा कुलूप तुटलेले होते आणि बोट खालच्या चाकांच्या गाड्यासकट नाहीशी झाली होती.

विमा नवा आणि चोरी लगेच. माझ्या वरिष्ठांना संशय यायला एवढे पुरेसे होते. "आधी त्या म्हाताऱ्याकडेच बघा," त्यांनी बजावले.

मला ते पटत नव्हते. पैशासाठी खोटी फिर्याद देणारा माणूस भरपाईची चौकशी दुसऱ्या वाक्यात करतो. या गृहस्थांनी पंचनाम्याच्या वेळी मला विचारले, "साहेब, त्यांनी ती उन्हात तर ठेवली नसेल ना? शेवटचा थर अजून पुरता वाळलेला नाही." पण पटणे आणि सिद्ध करणे यांत फरक असतो. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. बाईंच्या हातून इंजेक्शन घेणारे शेजारीही नजर चुकवू लागले होते.

एवढी मोठी वस्तू हातात धरून कोणी नेत नाही. मी टेम्पोवाल्यांच्या अड्ड्यांवर माणसे पेरली. चार-पाच दिवस हाती काही लागले नाही. मग मंडईतल्या माझ्या एका खबऱ्याने निरोप दिला. एक टेम्पोवाला चहाच्या टपरीवर बढाई मारत होता, की लग्नाच्या मांडवाच्या कापडाखाली झाकून त्याने भर दुपारी पुण्यातून बोट ओढत नेली आणि एकाही पोलिसाने हटकले नाही.

त्याला ठाण्यात आणले. चहा दिला. आधी तो काहीच माहीत नसल्याचे सांगत राहिला. मी म्हटले, "बोट तू चोरलीस असं मी लिहू, की फक्त ओढलीस असं लिहू? तूच सांग."

"ओढली साहेब, देवाशपथ! एका चष्मेवाल्या साहेबानं सांगितलं, मालकानं विकली हाय. आन् चाकांत हवाच नव्हती वो. पंप आणून भरली तवा हलली."

बोट त्याने धरणाच्या वाटेवर, ठरलेल्या जागी सोडली होती. तिथून दुसऱ्या गाडीने ती पुढे नेली. चष्मेवाल्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते.

मी गृहस्थांना हवेबद्दल विचारले. "हो," ते म्हणाले. "साताऱ्याला निघताना मीच सोडली. कोणी सहज ओढून नेऊ नये म्हणून. हिलासुद्धा बसमध्ये बसल्यावर सांगितलं."

विम्याच्या एजंटाचा जबाब नोंदवायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "आपण सुज्ञ आहात. हा बनाव आहे, दुसरं काय? बाहेरचा चोर चाकांत हवा नसलेला गाडा कशाला नेईल? घरच्याच माणसाचं काम."

माझा हवालदार जबाब लिहीत होता. त्याची मान वर आली. मी शांतपणे विचारले, "आपण बोट शेवटची कधी पाहिलीत?"

"पॉलिसी द्यायला गेलो तेव्हा. ते साताऱ्याला जाण्याच्या आदल्या आठवड्यात."

"तेव्हा चाकांत हवा होती."

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. बोलक्या माणसाला शांतता सोसत नाही, हा माझा अनुभव. त्याने पाणी मागितले, चष्मा पुसला आणि मग एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. त्याच्या एका गिऱ्हाइकाचा धरणाकाठी बंगला होता आणि त्याला पाहुण्यांना फिरवायला बोट हवी होती; ही त्याने त्यालाच विकली. साताऱ्याचे लग्न बाईंनीच पॉलिसी घेताना त्याला सांगितले होते. पुढे ओळख परेडमध्ये टेम्पोवाल्याने रांगेतून बरोबर त्यालाच काढले.

पंचांना घेऊन आम्ही बंगल्यावर गेलो. पांढऱ्या बोटीवर लाल रंग चढवला होता. गृहस्थांनी बाकाखाली हात घालून एक फळी अलगद सरकवली. आत औषधांचा कप्पा होता. तो आहे हे बंगल्याच्या मालकालासुद्धा माहीत नव्हते. बाईंनी बोटीवर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या.

न्यायालयाच्या हुकमाने बोट त्यांच्या ताब्यात मिळाली. एजंटाला पुढे शिक्षा झाली. बोट पाण्यात सोडायच्या दिवशी खडकीची सगळी गल्ली टेम्पोत बसून धरणावर आली होती, नजर चुकवणारेसुद्धा. माझे वरिष्ठही आले. गाडा पाण्याकडे ढकलताना त्यांनी टोपी काढून खांदा लावला. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले. पलीकडच्या काठावर माणसे उभी होती, ती हात हलवत पाण्यापर्यंत धावत आली.

नोकरीत मी दरोडे उघडकीस आणले, खुनाचे तपासही केले. पण या तपासाने मला शिकवले, की संशय घेण्याआधी माणसाला कशाची काळजी आहे ते ऐकावे. चोराला स्वतःची काळजी असते. त्या गृहस्थांना बोटीची होती आणि बाईंना पलीकडच्या काठाची. परतीच्या फेरीत त्या लांब बाकावर कमरेच्या दुखण्याने वाकलेली एक आजी आडवी झोपून आली. काठाला लागल्यावर ती उठून बसली आणि म्हणाली, "एवढ्यात आलं व्हय पुणं?"