भांडलेल्या घरी ठेवलेला डबा

"आधी बंद करा, मग बोला."

दारात चपला काढता काढताच तो हे म्हणायचा. कॉम्प्युटर बिघडला म्हणून आम्ही त्याला बोलावलेलं असायचं, सांगायच्या दहा गोष्टी तोंडाशी आलेल्या असायच्या, आणि हा माणूस ऐकूनच घ्यायचा नाही. स्वतःच बटण बंद करायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, मग पुन्हा चालू करून त्या खोक्याला कान लावायचा. डोळे मिटून, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा. आणि कान न काढताच विचारायचा, "शेवटचा हात कोणी लावला?"

"कोणी नाय," आम्ही सगळे एकदम सांगायचो.

"मग भुतानं लावला असंल," असं म्हणून तो स्क्रू खोलायला घ्यायचा.

सगळे त्याला भाई म्हणत. जुन्नरचा. आधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, ते बंद पडले तसा कॉम्प्युटरकडे वळला. स्कूटरवर गावोगाव फिरायचा. दुकानदार, डेअरी, शाळेतले गुरुजी, आमच्यासारखे नर्सरीवाले, कोणाचंही काही अडलं की भाईला फोन. आणि तो कधीच वेळेवर यायचा नाही. सकाळी येतो म्हणाला तर दुपारी यायचा. दुपारी येतो म्हणाला तर समजायचं, आज येत नाही. मला या माणसाचा फार राग यायचा. तो गोड होता, मायाळू होता असं मी लिहिणार नाही. खोटं लिहून काय मिळणार?

आमची पिंपरी पेंढारला नर्सरी आहे. टोमॅटो, फ्लॉवर, मिरचीची रोपं करून शेतकऱ्यांना देतो. मी चौथी शिकले. मुलगा चाकणला कंपनीत आहे. सून नर्सरी बघते आणि मी दोघींना बघते, सुनेला आणि नर्सरीला. आता यात कॉम्प्युटर कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पण टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये सगळी सारखीच दिसतात. कोणती कोणत्या जातीची हे देवालाही ओळखता येणार नाही. ट्रेवर नुसता नंबर असतो. तो नंबर कोणाचा, त्यात कोणती जात पेरली, हे सुनेनं कॉम्प्युटरमध्ये घातलेलं असतं. एकाची रोपं दुसऱ्याला गेली तर ते कळतं फळ धरल्यावर, आणि तोवर त्या माणसाचा हंगाम गेलेला असतो. आमची नर्सरी चालते ती एवढ्याच भरवशावर, की आमच्याकडून चुकीचं रोप जात नाही.

भाईनं पहिल्यांदा आमचं मशीन पाहिलं तेव्हा त्याच्यावर मी स्वतः विणलेला लोकरीचा रुमाल होता. मोरांचा. ट्रेमध्ये भरायच्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची धूळ बसू नये म्हणून घातलेला.

"मावशी, हे कोणी घातलं?"

"मी. का?"

"उन्हाळ्यात तुमी स्वेटर घालून झोपता का?"

मी चिडले. एवढा विणलेला रुमाल! पण तो काढल्यावर मशीन मध्येच बंद पडायचं थांबलं, हे खरं. रुमाल आता मिक्सरवर आहे.

दसऱ्याला तर त्यानं माझी लाजच काढली. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा होते. कोयता, फवारणीचा पंप, मोटर, गाडी. मी कॉम्प्युटरचीही केली. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. चार दिवसांनी आतून घरघर यायला लागली. भाईनं खोलून ब्रश फिरवला तर आतून हळद पडली, कुंकू पडलं आणि अक्षता पण पडल्या.

"लगीन लावलं काय मावशी याचं?"

"पूजा केली. तुला काय कळतंय त्यातलं?"

"पूजा करा ना. कोण नको म्हणतंय? पण देवाला नुसता वास घ्यायचा असतो. याला श्वास घ्यायचा असतो. भोकं सोडून लावा."

तेव्हापासून मी भोकं सोडून लावते.

त्याचं काम मुळात दुरुस्तीचं. पण दुरुस्ती कमी आणि बोलणं जास्त. गावात निम्म्या मशीनचा पासवर्ड कुलदैवताचं नाव असायचा. भाईला ते न विचारता माहीत असायचं. दोन देवांची नावं घालून बघायचा की मशीन उघडायचं. मग मालकावरच ओरडायचा, "मी उघडलं तसं चोर पण उघडंल. तो काय देवाला मानीत नाय काय?" एकदा सुनेच्या मोबाईलवर मेसेज आला, की बिल भरलं नाही, आज लाईट कापणार, इथं दाबा. ती घाबरली आणि दाबायला निघाली. नशीब, भाई समोरच होता. त्यानं फोनच हिसकावून घेतला. "आधी बंद करा, मग बोला. लाईट कापणारा वायरमन शिडी घेऊन येतो, गोड बोलून मेसेज पाठवीत नाय."

सगळं यायचं त्याला असंही नाही. प्रिंटरपुढे त्यानं कायम हात टेकले. प्रिंटर दिसला की त्याचं तोंडच उतरायचं. "हा जावई हाय मावशी. कागद द्या, शाई द्या, सगळं पुढं ठेवा, तरी रुसतो." आमचा प्रिंटर त्यानं तीनदा नीट केला आणि तो तीनदा पुन्हा बिघडला. शेवटी आम्ही पावत्या हातानं लिहायला लागलो. भाई म्हणाला, "हेच बरं."

मला सगळ्यात जास्त वैताग आणला तो त्याच्या डब्यानं.

त्याचं म्हणणं असं, की मशीन आज ना उद्या मरणार. म्हणून त्यातलं सगळं एका छोट्या हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि ती डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची. आपल्या घरी नाही. चोरी झाली, आग लागली, तर दोन्ही एकदम जायला नकोत.

"मावशी, तुमचं विरजण नासलं तर काय करता?"

"शेजारणीकडून आणते."

"बस. हे पण विरजणच. शेजारणीकडं ठेवा."

हे मला पटलं. मी माझ्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, समोरच्या आळीतली. भाईनं मान हलवली. "मैत्रीण नको. मैत्रीण उघडून बघती. तिचा नातू त्याच्यात पिक्चर भरतो. ज्या बाईशी तुमचं भांडण हाय तिच्याकडं ठेवा. ती हात लावायची नाय. तुमच्या वस्तूला शिवणं तिला कमीपणाचं वाटतं."

भांडण कोणाशी, हे त्याला सांगायची गरज नव्हती. रस्त्यापलीकडे माझ्या धाकट्या जावेचं मिरची कांडप आहे. तिच्या मिरचीची धूळ वाऱ्यानं माझ्या रोपांवर यायची, माझ्या फवारणीचा वास तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांना लागायचा. यावरून एकदा जे बोलणं झालं ते शेवटचं. लग्नकार्यातसुद्धा आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसायचो. तिच्याकडेही कॉम्प्युटर होता, मसाल्याच्या पुड्यांची लेबलं काढायला. आणि तिच्याकडेही भाईच जायचा.

"मेले तरी तिच्याकडं ठेवणार नाय," मी म्हणाले.

"ती पण हेच म्हणली," तो म्हणाला. "म्हणून तर."

दोन स्टीलचे डबे आणले त्यानं. आत कापडात गुंडाळलेली डिस्क, झाकणाला दवाखान्यात मिळते ती पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर त्याची वेडीवाकडी सही. तिचा डबा माझ्याकडे, माझा तिच्याकडे. दर अमावास्येला तो यायचा. अमावास्या कोणी विसरत नाही, आणि त्या दिवशी कोणी नवं काम काढत नाही, म्हणून त्याला सवड. तो डबा तिच्याकडून आणायचा, नवीन कॉपी घ्यायचा, पट्टी लावायचा आणि परत रस्ता ओलांडून द्यायचा. मग तिचं मशीन आणि माझ्या घरातला तिचा डबा, पुन्हा तेच. दोन्हीकडे चहा प्यायचा. तिथं काय बोलला ते इथं सांगायचा नाही. मी आडून विचारायची, "बरी हायेत ना माणसं तिकडची?" तो म्हणायचा, "रस्ता काय लई रुंद नाय मावशी. जाऊन बघा."

मी काही जात नसे.

टोमॅटोच्या लागवडीचा हंगाम तोंडावर होता. त्या अमावास्येला भाई आला, डबे फिरवले, प्रिंटरकडे बघून तोंड वाकडं केलं आणि गेला. त्याच आठवड्यात वारला. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मी जुन्नरला जाऊन त्याच्या बायकोला भेटून आले. ती म्हणाली, "गावाच्या मशिनी नीट केल्या, घरातला मिक्सर दोन वर्षं बंद हाय." मी म्हणाले, माझाही नवरा तसाच होता. दोघी रडलो नाही. चहा प्यायलो.

आणि पंधरवडाही झाला नसेल, आमचं मशीन गेलं. रोपांवर पाण्याचं धुकं सोडणाऱ्या फॉगरची नवी मोटर वायरमननं कॉम्प्युटरच्याच लाईनला जोडली होती. भाईनं वेगळी लाईन घ्या, वेगळी लाईन घ्या म्हणून जीव काढला होता, आणि मुलगा पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत होता. दुपारी लाईट गेली. आली ती अशी आली की आतून जळका वास आला. मी धावत जाऊन बंद केलं. बोलायला मात्र समोर कोणी नव्हतं.

सून खोका घेऊन तालुक्याला गेली. तिथल्या दुकानातला मुलगा म्हणाला, आतलं सगळं गेलं, काही निघणार नाही, नवीन डिस्क टाकतो. सून नवी डिस्क टाकून घेऊन आली आणि ओसरीवर बसून रडायला लागली. तेवढ्यात दारात पिकअप उभी. खोडदचा शेतकरी, रोपं न्यायला आलेला. शेतात बाया लावणीला थांबलेल्या.

"माझा नंबर काय ते सांगा, आजी. भरून घेतो."

"नंबर मशीनमधी व्हता. मशीन गेलं."

"मग कुठली बी द्या. सगळी टोमॅटोच की."

"नाय देणार."

"अहो, बाया बसून हायेत वावरात!"

"बसू देत. चुकीचं रोप माझ्या दारातून जायाचं नाय. तू चहा पी."

त्याला खाटेवर बसवलं. सून माझ्याकडे बघत होती. काय करायचं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती म्हणाली, "मी जाऊन आणू का, आत्या?" मी म्हणाले, "तू नको. तू तिला काकू म्हणतीस, हसून बोलतीस. भांडण माझं हाय." आणि पदर खोचून निघाले.

रस्ता खरंच रुंद नव्हता. पण तेवढ्यात मला भाईचा इतका राग आला की काय सांगू! मरायचंच होतं तर हंगाम काढून मरायचं. नाहीतर मैत्रिणीकडे ठेवू दिलं असतं, नातवानं पिक्चर भरले असते तर भरले असते, निदान आज तोंड वर करून गेले असते.

जाऊ कांडपाच्या दारात उभी होती. डोक्याला फडकं, भुवयांवर मिरचीची पूड. मी तोंड उघडलं आणि शिंका सुरू झाल्या. एकामागून एक. बोलताच येईना. ती बघत राहिली. मग आत गेली आणि डबा घेऊन आली.

"मशीन गेलं म्हणं," ती म्हणाली. "सून खोका घेऊन गेली ते दिसलं. तवाच काढून ठिवला."

मी डबा घेतला. पट्टी जशीच्या तशी, सही जशीच्या तशी. झाकणावर मात्र हळदकुंकवाचं बोट होतं.

"दसऱ्याला लावलं," ती घाईनं म्हणाली. "वरनं. आत नाय लावलं. भाई वरडला असता."

"लावलं ते बरं केलं," मी म्हणाले. पुन्हा शिंकले आणि निघाले.

सुनेनं डिस्क जोडली. सगळं होतं. अमावास्येनंतरची चार-पाच नावं तेवढी नव्हती, ती सुनेनं फोन करकरून जमवली. खोडदवाल्याचा नंबर निघाला, ट्रे निघाले, पिकअप भरली. तो जाताना म्हणाला, "आजी, तुमचा चहा लई गोड व्हता." कॉम्प्युटरच्या लाईनवर आता मोटर नाही, मोटरला वेगळी लाईन आहे. मुलाला मी फोनवर दोनच वाक्यं ऐकवली, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

नंतरची अमावास्या आली. सुनेनं कॉपी घेतली, डबा बंद केला, पट्टी लावली. सही कोणी करायची? सून म्हणाली तुम्ही करा. मी केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही जशी असते तशी. आणि दोन्ही डबे टेबलावर ठेवून आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत बसलो. न्यायचे कोणी? इतकी वर्षं ते ने-आण करणारा एक माणूस होता, आणि तो ते इकडचा एक शब्द तिकडे सांडू न देता करत होता, हे तेव्हा डोक्यात आलं. उशीर करायचा, पण अमावास्या कधी चुकवली नव्हती त्यानं.

शेवटी मीच दोन्ही डबे घेतले, माझा तिच्याकडे ठेवायला आणि तिचा नव्या कॉपीला, आणि रस्ता ओलांडला. आता दर अमावास्येला मलाच जावं लागतं. गुडघे दुखतात. आमचं भांडण मिटलं असं कोणी समजू नये. मिरचीची धूळ अजून येते, मी अजून फवारते, आणि त्यावरून आता निदान समोरासमोर भांडता येतं.

त्या पहिल्या दिवशी जाऊ दारातच होती. मी माझा डबा पुढे केला. तिनं तो घेतला नाही. कमरेवर हात ठेवले आणि मान तिरकी करून म्हणाली, "शेवटचा हात कोणी लावला?"

"कोणी नाय," मी म्हणाले.

मग तिनं डबा घेतला, डोळे मिटले आणि त्याला कान लावला. बंद डब्यात कसला आवाज असणार? तरी ती बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि मीही शिंक दाबून धरली.