झाकणाच्या आतली तारीख

माझ्या ताईचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. हे वाक्य त्यांच्या कानावर गेलं तर ते मला तिथल्या तिथे सुधारतील, कारण त्यांच्या मते या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे दहाजण बसलेत आणि ते दहाहीजण घड्याळं बिघडवतात. दुरुस्त करणारे एकटे आमचे भावोजी.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारती बांधताना मधे राहून गेलेली फट. आत छातीइतक्या उंचीचं टेबल, एक दिवा, एक स्टूल आणि भावोजी एवढंच मावतं. गिऱ्हाइकाने बाहेर पायरीवर उभं राहायचं आणि टोमणे ऐकायचे. टेबलावर काचेच्या वाट्या पालथ्या घातलेल्या असतात आणि प्रत्येकीखाली एकेक घड्याळ उघडं पडलेलं असतं. मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. घरी जाताना रोज दहा मिनिटं त्या दाराच्या चौकटीला टेकते. मेहुणी असल्यामुळे टोमणे परत करायचा हक्क या जगात फक्त मला आहे आणि तो मी कधी वाया घालवलेला नाही.

त्यांच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. घड्याळ दुरुस्त झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, सुईसारख्या टोकाने, कारागीर आपली खूण आणि तारीख कोरतो. मालकाला ती जन्मात दिसत नाही. ती असते पुढच्या कारागिरासाठी, म्हणजे या घड्याळात आधी कोणाचा हात लागलाय आणि कधी, हे त्याला कळावं म्हणून. भावोजींची खूण म्हणजे एक छोटा त्रिकोण. आणि खूण नसलेलं घड्याळ हातात आलं की त्यांच्या जिभेला जी धार चढते, ती ऐकायला शेजारचा चष्मेवालासुद्धा काम थांबवतो.

"कोण गाढव हात मारून गेलाय याच्यात? नाव नाही, तारीख नाही! काय केलं, कधी केलं, हे मी आता काय स्वप्नात बघू?"

अशा या टापटिपीच्या माणसाला आठेक वर्षांपूर्वी पित्ताचा त्रास सुरू झाला. दिवसभर पोट दुमडून बसणं, बारा कप चहा आणि जेवणात मिरची नसेल तर ताईशी अबोला, एवढं करूनही छातीत जळजळ का होते, याचं त्यांना भारी नवल वाटायचं. आमच्या जुन्या डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली. रोज सकाळी एक, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, अख्खी गिळायची. आठ आठवडे घ्यायची आणि मग येऊन दाखवायचं.

पहिली कॅप्सूल भावोजींनी गिळली नाही. उघडली. झाकण न उघडता कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नाही. भिंग लावून, चिमट्याने आतले दाणे एकेक करून पाहिले. प्रत्येक दाण्यावर वेगळा मुलामा आहे, तो पोटातल्या आम्लात टिकावा म्हणून दिलेला आहे, हे औषधवाल्याकडून कळल्यावर तर ते विरघळलेच. "याला म्हणतात काम!" म्हणाले. दाणे परत भरले, कॅप्सूल बंद केली आणि मग गिळली. तेव्हापासून ते तिच्या प्रेमात पडले ते पडलेच.

आठवडाभरात जळजळ थांबली. आठ आठवडे झाले. डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं.

"कशाला?" भावोजी म्हणाले. "चावीच्या घड्याळाला रोज चावी द्यायची असते. आठ आठवडे दिली आणि मग बंद केली, असं करतं का कोणी?"

पोट म्हणजे घड्याळ नव्हे, हे त्यांना सांगणार कोण? डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घडीवर फाटायला लागला होता म्हणून त्यांनी तो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लॅस्टिकमध्ये घालून आणला. आधी कडा खराब झाल्या होत्या त्या कात्रीने नीट कापल्या. वरच्या कडेला तारीख होती आणि खालच्या कडेला 'आठ आठवडे' होतं. योगायोग, दुसरं काय! तो गुळगुळीत कागद पुढची सात वर्षं त्यांच्या शर्टाच्या खिशात मुक्कामाला होता. औषधवाल्याने सुरुवातीला एकदोनदा "काका, अजून चालू आहे?" असं विचारलं. त्याला जे उत्तर मिळालं त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. भावोजी त्याच्या दुकानाच्या पायरीवर दिसले की तो पाकिटं काढून ठेवायचा.

पुढे पुढे रात्रीच्या जेवणानंतरही एक सुरू झाली. "आज जरा जड झालंय," एवढं कारण पुरायचं. घरी पाहुणे जेवले की इतर घरांत बडीशेप फिरते, आमच्या ताईकडे कॅप्सूल फिरायची. मलाही दिली होती. मी ती पर्समध्ये टाकली आणि पुढे विसरले. आयुष्यात विसरभोळेपणाचा मला झालेला तेवढा एकच फायदा.

सहाव्या वर्षी स्क्रू पडायला लागले.

हे स्क्रू मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढे असतात. तीस वर्षांत भावोजींच्या हातून असा स्क्रू पडलेला मी पाहिला नव्हता. आता रोज ते टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेले दिसायचे. दोष अर्थातच स्क्रूंचा. हल्लीचे कारखाने भिकार. मग चिमट्याचा. मग दिव्याचा. मग ताईचा, कारण तिने सकाळी भांडण काढलं आणि हात थरथरले. नवा दिवा आला, नवा चिमटा आला. नवी बायको आणायची तेवढी बाकी होती.

एका संध्याकाळी मी चौकटीशी उभी होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी वाटीतून काहीतरी उचललं, हात वर धरला आणि बोटांच्या चिमटीकडे पाहत राहिले. आपण काही धरलंय की नाही, हे ते डोळ्यांनी तपासत होते. मला थट्टा सुचली होती, ती मी गिळली.

"बोटं कापसाची झाल्यासारखी वाटतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तळपायसुद्धा. मुंग्या येतात. तुझ्या ताईला सांगू नकोस."

"आणि डॉक्टर?"

"दोघांना दाखवलं."

दाखवलं होतं, हे खरं. पहिल्याने मानेचा मणका धरला आणि गळ्यात पट्टा बांधला. त्या पट्ट्यामुळे भावोजींना मान खाली घालता येईना, आणि मान खाली घातल्याशिवाय घड्याळ दिसत नाही. महिनाभर ते समोरच्या इमारतीकडे बघत ताठ बसून होते, एखाद्या सेवानिवृत्त सेनापतीसारखे. दुसऱ्याने वयावर बोट ठेवलं. ते वय अठ्ठावन्न होतं.

पावसाळी हवा, भांडणं, मणका, वय, सगळ्यांवर खापर फोडून झालं. मग एक दिवस त्यांनी मला शांतपणे सांगितलं की दुकान बंद करावं म्हणतोय. हत्यारं त्या दहांपैकी एकाने मागितली आहेत. "तोच तो, पत्र्याच्या कात्रीने घड्याळ उघडणारा," म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. मला रडू आलं. मी रागीट बाई आहे, रडू आलं की मला आणखी राग येतो. दुसऱ्याच दिवशी त्यांना ओढत तिसऱ्या दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टरीणबाई होत्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या. आधी एक अर्ज भरायचा होता. अर्ज हा माझा प्रांत. शाळेत एक रकाना रिकामा ठेवलेला पालक मी दारातून परत पाठवते. 'सध्या चालू असलेली औषधे' या रकान्यात भावोजींनी बेधडक आडवी रेघ मारली आणि पेन खिशाला लावलं. त्याच खिशाला, ज्यातून प्लॅस्टिकचा कोपरा माझ्याकडे बघून चमकत होता.

आत बाईंनी रेघ पाहिली तरी तोंडी विचारलं, "कुठलं औषध चालू नाही ना?"

"छे!" भावोजी म्हणाले. "आपल्याला औषधांचं व्यसन नाही."

मी हात घातला आणि तो कागद त्यांच्या खिशातून काढून टेबलावर आपटला.

"अगं, ते औषध नाही! ते ऍसिडिटीचं आहे!"

बाईंनी कागद उलटापालटा करून पाहिला. "याच्यावर तारीख नाही."

"कापली गेली," मी म्हणाले.

"किती दिवस घेताय, काका?"

"नियमित घेतो," भावोजी अभिमानाने म्हणाले. "एक दिवस चुकवलेला नाही. सात वर्षं. वर रात्रीची एक असतेच अधूनमधून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत, याचं मला जरा वाईटच वाटलं. म्हणाल्या, "पोटातलं आम्ल काही शत्रू नसतं, काका. खाल्लेल्या अन्नातून बी-१२ सुटं करायला तेच लागतं. वर्षानुवर्षं ते दाबून ठेवलं तर काहीजणांना ते जीवनसत्त्व कमी पडायला लागतं आणि मग नसा कुरकुरतात. तुमचं तेच आहे असं मी आत्ता म्हणत नाही. कारणं दुसरीही असतात. आधी रक्त तपासू. आधीच्या डॉक्टरांनी औषधांचं विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं."

"मग काय सांगितलंत?"

भावोजींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. "छे, म्हणून," ते पंख्यालाच म्हणाले.

बाईंनी मग शौचाला काळी होते का, वजन उतरलंय का, गिळताना अडकतं का, हे विचारलं. यातलं काही झालं तर कॅप्सूल वाढवून दाबायचं नाही, धावत यायचं, असं दोनदा बजावलं. रिपोर्ट आला. बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली. कॅप्सूल एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची, नाहीतर आम्ल उसळी मारतं, हेही बाईंनी मला समोर बसवून सांगितलं. भावोजींनी घरी जाऊन सगळी पाकिटं त्याच संध्याकाळी केराच्या डब्यात टाकली. शूर माणूस! तिसऱ्या दिवशी छाती अशी पेटली की ताईने मला फोन केला, मी बाईंना केला आणि बाईंनी या वेळी मात्र, देव त्यांचं भलं करो, भावोजींना मनसोक्त झापलं. मग एका कार्डावर कोणती गोळी, कधीपासून, किती आणि पुन्हा कधी दाखवायचं, असं सगळं लिहून दिलं. भावोजींनी ते कार्ड भिंग लावून वाचलं.

"तारीख घातलीय बाईंनी," एवढंच म्हणाले.

बारा कप चहाचे तीन झाले. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी व्हायला लागलं. दीडेक महिन्यात कॅप्सूल सुटली. चारेक महिन्यांनी पायांतला कापूस गेला, मग बोटांतला. सगळा नाही. उजव्या तर्जनीचं टोक अजून मुकंच आहे. लवकर आला असतात तर, असं बाई म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. पण स्क्रू पुन्हा चिमट्यात राहायला लागले आणि पत्र्याच्या कात्रीवाल्याला हत्यारांशिवाय परत पाठवण्यात आलं. जाताना त्याला एक व्याख्यानही मिळालं.

परवा आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई माझ्याबरोबर दुकानावर आल्या. त्यांच्या वडिलांचं घड्याळ सारखं मागे पडत होतं. वडील आता नाहीत, म्हणून त्या ते रोज हातात घालतात. भावोजींनी झाकण काढलं, भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी त्यांना मनाजोगता अपराधी सापडला होता.

"बघा! बघा काय करून ठेवलंय! स्क्रूचं डोकं खरवडलंय. केसासारखी स्प्रिंग वाकवून तशीच बसवलीय. आणि झाकणात बघा, खूण नाही, तारीख नाही! असल्या माणसाचे हात..."

चष्मेवाल्याने काम थांबवलं होतं. चित्रकलेच्या बाई गोंधळल्या. त्या फार सौम्य आहेत.

"अहो काका," त्या म्हणाल्या, "तुम्हीच केलं होतंत ना. मागच्या वर्षी. तुमच्या गळ्यात पट्टा होता तेव्हा."

भावोजींचा हात तसाच राहिला. मला त्या क्षणी कळलं की त्या महिन्यांत त्यांना हातात सुई धरवत नव्हती आणि ही गोष्ट त्यांनी माझ्यापासूनही लपवली होती. माझ्याकडे तेव्हा दहा तरी टोमणे तयार होते, सात वर्षं जपलेले. एकही तोंडातून निघेना. माझा इतका जीव आहे या माणसावर, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "हो," ते बाईंना म्हणाले, चष्मेवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मीच तो."

घड्याळ दुरुस्त व्हायला पाऊण तास लागला. बाई पायरीवर बसून राहिल्या. झाकण लावायच्या आधी भावोजींनी सुई घेतली आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं.

"बाई, मागच्या वेळी कधी आला होतात? नक्की सांगा."

"वार्षिक परीक्षेच्या आदल्या सोमवारी."

मी फोनमधलं शाळेचं वेळापत्रक काढून तारीख सांगितली. त्यांनी आधी ती कोरली, शेजारी त्रिकोण काढला. मग तिच्याखाली आजची तारीख कोरली आणि दुसरा त्रिकोण काढला. पहिला त्रिकोण वाकडा आला होता. तो त्यांनी तसाच ठेवला.