यंदा अक्काला थांबवू

सुरुवातीलाच माफी मागतो. पुस्तकात छापावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे चार माणसांपुढे आपलं म्हणणं कसं मांडावं हे सांगणारंही घरात कोणी नव्हतं. लिहायला बसलो तेव्हा आणखी एक अडचण लक्षात आली. ही हकिकत खरं तर माझ्या मोठ्या बहिणीची आहे, आणि ती तिनंच लिहायला हवी. पण तिला म्हटलं तर ती म्हणेल, "मले येळ कुठं हाय? तूच लिही, तू शिकेल हायेस." म्हणून लिहितो. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव अकोला आणि अमरावतीच्या मधलं, मूर्तिजापूरपासून जवळ. बा दुसऱ्यांच्या शेतात राबायचा आणि वडिलांकडून आलेला जमिनीचा एक लहान तुकडा कसायचा. माय मजुरीला जायची. अक्का आणि मी एकाच वर्गात होतो. ती मोठी असूनही असं झालं त्याला कारण मीच. मी लहानपणी शाळेत एकटा बसत नसे, रडून पळून येई. तेव्हा गुरुजींनी बाला सांगितलं, "पोरीलाही पाठवा, तिच्यासोबत हा बसेल." अक्काचं नाव शाळेत घातलं ते मला धरून ठेवायला. मग मी बसायला शिकलो आणि तिला शिकायची गोडी लागली. पुढे तिला शाळेतून काढायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, असं माय म्हणायची.

वर्गात गणित माझं बरं, मराठी तिचं. इंग्रजी दोघांचंही बेताचं, पण मी निदान रोज शाळेत जात होतो. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की अक्का मायसोबत शेतात जायची आणि शाळा बुडायची. शब्द विसरू नयेत म्हणून वेचता वेचता ती इंग्रजी स्पेलिंगं मोठ्यानं म्हणायची. बाकीच्या बायका हसायच्या. एक म्हातारी म्हणायची, "पाय व माय, आमी कापूस वेचून राहिलो अन् हे पोट्टी इंग्रज वेचून राहिली!"

आम्ही मॅट्रिकच्या वर्गात गेलो त्या वर्षी शाळेला नवे हेडमास्तर आले. ते पुण्याकडचे. त्यांचं स्वच्छ बोलणं ऐकून पोरं आधी हसली, नंतर घाबरली. आदल्या वर्षी आमच्या शाळेतली निम्मीअधिक मुलं मॅट्रिकला नापास झाली होती. आल्या आल्या त्यांनी शाळेच्या दाराशी एक फळा लावला आणि स्वतःच्या हातानं त्यावर लिहिलं : "यंदा आपल्या शाळेतून एकही विद्यार्थी नापास होणार नाही." असलं काही आमच्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. चावडीवर लोक म्हणाले, "मास्तर नवा हाय, येऊ द्या उनाया, निकाल लागला का समजीन." फळ्यावर धूळ बसायची, अक्षरं पुसट व्हायची. शाळेचा शिपाई ती रोज सकाळी खडूनं गिरवायचा. त्याला वाचता येत नव्हतं. थंडी संपेपर्यंत त्या वाक्यातली काही अक्षरं वाकडी होऊन गेली होती, पण वाक्य तेच होतं.

हेडमास्तर नुसते लिहिणारे नव्हते. पहाटे ते हातात काठी घेऊन गावातून फिरायचे आणि मॅट्रिकच्या प्रत्येक मुलाच्या घराबाहेर उभे राहून विचारायचे, "उठलात का?" ते आमच्या वस्तीतही यायचे. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला साधी वाटेल. आम्ही धर्म बदलला होता, घरातले जुने देव नदीत सोडले होते, पण गावातला वरच्या आळीचा माणूस अजून आमच्या दाराशी थांबत नव्हता. हेडमास्तर थांबले. एके दिवशी तर ते ओट्यावर टेकले आणि मायला म्हणाले, "बाई, जरा पाणी देता का?"

माय माठाकडे जाऊन तिथंच उभी राहिली. तिला वाटलं, त्यांना माहीत नसेल. शेवटी बानंच गडू भरून दिला. हेडमास्तर सगळं पाणी प्याले, मिशी पुसली आणि पुढच्या घरी गेले. बा तो गडू हातात घेऊन किती वेळ बसून राहिला. त्या दिवसापासून हेडमास्तरांबद्दल कोणी वाकडं बोललं की बा एवढंच म्हणायचा, "त्यायनं माह्या घरचं पानी पेलं. बस."

मॅट्रिकच्या आधी शाळेची आपली एक चाचणी परीक्षा असे. ती वेचणी संपता संपता झाली. मी काठावर पास झालो. अक्का इंग्रजीत नापास झाली. त्यानंतर शाळेत कुजबुज सुरू झाली की जे चाचणीत गेले त्यांना यंदा बोर्डाच्या परीक्षेला बसवणार नाहीत. तसं हेडमास्तरांनी फळ्यावर लिहिलं नव्हतं. ते एकेकाच्या घरी जाऊन सांगत होते.

आमच्याकडे आले तेव्हा बा आढ्याला टांगलेली ज्वारीची कणसं खाली काढून उंदरांनी खाल्ली का ते पाहत होता. हेडमास्तर ओट्यावर बसले. म्हणाले, "मुलगा परीक्षेला बसेल. मुलीला मात्र यंदा थांबवू. हुशार आहे, पण तयारी कमी पडली. पुढच्या वर्षी चांगली तयारी करून बसवतो."

अक्का चुलीपाशी होती. तिनं फुंकणं थांबवलं.

बानं हातातलं कणीस वर धरलं. त्याचा चेहरा उजळला होता. "समजलं गुर्जी," तो म्हणाला. "हे पाहा. खळ्यातलं सर्वायत भरलेलं कणूस आमी खात नाई. ते टांगून ठेवतो, पुढच्या सालच्या पेरनीले. पोरगी तुमी बियान्याले ठेवली."

हेडमास्तर क्षणभर गोंधळले. मग हसले आणि म्हणाले, "हं, तसंच समजा."

आमच्याकडे मागे ठेवतात ते सगळ्यात चांगलं असतं. बाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. जो माणूस आपल्या घरचं पाणी प्याला, तो आपल्या लेकराला हलकं म्हणून बाजूला काढेल, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं की बाची पोरगी शाळेनं बियाण्याला राखली आहे.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी अक्काला म्हटलं, "बाले सांगू का?"

"काय सांगशीन? का पोट्टी पोचट निंघाली?" तिनं दोर ओढला. "राहू दे. इतका खुश होऊन राहिला तो. तू चाल माह्यासंगं हेडमास्तरकडं."

आम्ही दोघं गेलो. वाटेत तिनं काय बोलायचं ते शुद्ध भाषेत पाठ केलं होतं. ऑफिसात उभी राहून ती म्हणाली, "सर, मला यंदाच परीक्षेला बसू द्या. अजून वेळ आहे. वेचणी संपली आहे. मी अभ्यास करीन."

"आणि नापास झालीस तर?"

"तर माझी मी नापास होईन, सर."

"तसं नसतं, बाळ. नापास तू एकटी होत नाहीस. शाळा होते."

इथं अक्काचं पाठ केलेलं संपलं. ती म्हणाली, "मंग पास झाली त कोन पास होते, सर?"

मला वाटलं ते आता रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मी स्वतः तुला इंग्रजी शिकवीन. शब्द देतो." ते खरंच शिकवणार होते, असं मला आजही वाटतं. ते खोटं बोलत असते तर मला ही हकिकत लिहिणं सोपं गेलं असतं.

पुढचं वर्ष आमच्यासारख्या घरातल्या मुलीला मिळतं की नाही, हे मात्र त्यांना ठाऊक नसावं. अक्काला ते ठाऊक होतं. परत येताना ती एवढंच म्हणाली, "उनाया लागला का मामा सोयरीक घेऊन येईन."

निकाल लागला. बसलेली सगळी मुलं पास झाली. मीही झालो, तिसऱ्या श्रेणीत. गावानं हेडमास्तरांना हार घातला, अमरावतीहून साहेब आले, लेझीम झालं. फळ्यावर शिपायानं त्या दिवशी अक्षरं फार मन लावून गिरवली. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा ठरला नव्हता. शाळेतून एकही विद्यार्थी नापास झाला नव्हता. जे थांबवले होते ते बाजूला उभे राहून लेझीम पाहत होते. अक्कानं माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि म्हणाली, "खाय, साहेब!" ती खरोखरच खूश होती.

मग मामा अक्कासाठी स्थळ घेऊन आला. अकोल्याचा मुलगा होता, जिनिंगच्या कारखान्यात कायम कामाला. माणसं बरी होती. बानं साफ नाही म्हटलं. "पुढच्या साली. पोरगी मॅट्रिक होऊ दे. हेडमास्तरनं राखली हाय तिले."

मामा हसायला लागला. "काय बाप्पा जवाईबुवा! शाळेनं पोट्टी काढून टाकली, हे साऱ्या गावाले मालूम हाय. नापास होईन म्हनून बसू देल्ली नाई. अन् तुमी बियानं बियानं करून राहिले!"

बानं माझ्याकडे पाहिलं, कारण घरातला शिकलेला मी होतो. मी तोंड उघडण्याआधी अक्काच म्हणाली, "खरं हाय बा. इंग्रजीत मले मार्क नव्हते."

बा उठला, खांद्यावर शेला टाकला आणि शाळेकडे गेला. ऊन खूप होतं. परत आला तेव्हा मायनं विचारलं, "काय म्हनले गुर्जी?"

"काई नाई," बा म्हणाला. "मले बसाले खुर्ची देल्ली. पानी देल्लं."

"अन् तुमी काय म्हनलं?"

"मी पानी पेलो."

त्यानंतर त्यानं मामाला होकार दिला. ते लग्न पावसाळ्याआधी झालं. त्या वर्षी पेरणीच्या वेळी बानं आढ्याची कणसं खाली काढली, दाणे केले आणि नेहमीसारखे पेरले.

मी अमरावतीला कॉलेजात आलो, वसतिगृहात जागा मिळाली. हेडमास्तरांची नंतर मोठ्या गावच्या शाळेवर नेमणूक झाली. सुट्टीत घरी गेलो की शाळेवरून जातो. दाराशी फळा अजून आहे. आता ते वाक्य खडूनं नाही, पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे, त्यामुळे शिपायाचं काम वाचलं. शाळेचा निकाल दरवर्षी चांगला लागतो. ते वाईट आहे असं म्हणण्याइतकी माझी तयारी नाही. पूर्वी मास्तर पोरांकडे पाहतही नव्हते, आता पाहतात. पण वर्गात मी कोणाशेजारी बसलो की मनात येतं, याच्या शाळेत कोणाला थांबवलं असेल?

अक्काची भेट वर्षातून एखाद्या वेळी होई. ती मुलाचं, सासूचं, पाण्याच्या नळाचं सांगायची. अभ्यासाचं मी विचारत नसे, आणि तीही काही बोलत नसे.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी भाऊजी उभे दिसले. हातात पिशवी, केसांवर कापसाची कणी. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडीनं आणि पुढे पायीच आले होते.

"अक्का बरी हाय ना?"

"बरी हाय ना बाप्पा, घाबरता काहून साळेबुवा?" ते पायरीवर बसले. "हेडमास्तरच्या शाळेतून मॅट्रिकले नाई बसली, त बाहेरून बसली. मार्चात. अकोल्यालेच. तुमाले सांगू नको म्हने, निकाल लागल्यावर सांगू. आमच्या मायनं लय कटकट केली. मंग मीच सुट्टी टाकली. ते आत पेपर लिहून राहिली अन् मी पोट्ट्याले घेऊन बाहेर निंबाखाली. पोट्टं रडे, लोक हासे. तिचा पेपर अन् माही परीक्षा!"

त्यांनी पिशवीतून शिदोरीचं फडकं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "इंग्रजीत गेली. बाकी साऱ्यात पास हाय. ऑक्टोबरात फिरून बसते म्हने, तुमचं जुनं ग्रामर दे म्हने. अन् एक निरोप देल्ला हाय, बरोबर असाच सांगजा म्हने." ते आठवायला थांबले. "म्हने, मी नापास झाली म्हना. माही मी झाली."