चार बाय सहाची आई

आईचा सगळ्यात चांगला फोटो मी कॅमेऱ्याच्या सगळ्यात लहान सेटिंगवर काढला. डिजिटल कॅमेरा नवा होता आणि एका कार्डात हजारभर फोटो बसवून दाखवायची मला खुमखुमी होती. बसवले. बहुतेक झाडांचे.

हा फोटो गावचा. आई फ्रेममध्ये पुरी यावी म्हणून मी मागे मागे सरकत गेलो आणि कोकमाच्या रातांब्यांनी भरलेल्या टोपलीत बसलो. आई तोंड उघडं टाकून हसली. मी बसल्या जागेवरून बटण दाबलं. खालचा पुढचा दात पडल्यापासून ती हसताना तोंडावर पदर धरते, त्यामुळे घरातल्या कुठल्याच फोटोत तिचं हसू नाही. आहे ते एवढंच.

यंदा तिची पंचाहत्तरी. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला आणि स्टेजमागे हाच फोटो मोठा करून लागणार, असं मी जाहीर करून टाकलं. दहिसरहून ताईचा फोन आला.

"मी मोबाइलवर काढलेला घे ना. किती क्लिअर आलाय."

क्लिअर आहेच. ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ.

"ताई, त्याला फक्त हार घालायचा बाकी आहे," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.

मी प्रिंटवाल्याच्या हातात पेन ड्राइव्ह दिला. "चार बाय सहा काढ."

"पाच मिनिटं बसा काका."

"फूट रे. इंच नाही."

त्याने फोटो उघडला आणि मान हलवली. "काका, फाटणार."

"मग जाड कागद लाव."

शेजारचं गिऱ्हाईक खोकल्याच्या आडून हसलं. "कागद नाही हो, फोटो," म्हणत प्रिंटवाल्याने स्क्रीनवर तो मोठा करून दाखवला. आईच्या गालावर बाथरूमच्या टाइल्स बसवल्यासारखे चौकोन.

"थांबा, एआयने नीट करतो."

दोन मिनिटांत स्क्रीनवर एक गुळगुळीत बाई आली. टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात, एकही कमी नाही.

"झकास ना?"

"ही कोण?"

"तुमच्या आई."

"माझ्या आईला खालचा एक दात नाही. तेवढा काढ."

त्याने काढला, तर तिथे दुसरा उगवला. तोही काढला, तर तिसरा. आता माझं डोकं फिरलं. जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी मिळून माझ्या आईचे दात मोजायचं काही कारण नाही.

"राहू दे. आहे तसा छाप. चौकोन तर चौकोन."

"लोक हसतील काका."

"मला सवय आहे. आणि हायवेवरचं होर्डिंग कोणी नाक लावून बघतं का? लांबूनच बघतात ना?"

"छापतो. पण कुठून छापलं ते सांगू नका."

कार्यक्रमाच्या दिवशी फोटो टांगला, खुर्च्यांच्या पुढच्या तीन रांगा उचलल्या आणि तिथे सोसायटीच्या कुंड्या आणून मांडल्या. कुंड्यांना जुमानेल ती मावशी कसली. ती थेट फोटोपाशी पोचली. "ह्यां भरतकाम कोणी केल्यान?" मी तिला खांद्याला धरून मागच्या भिंतीपर्यंत नेलं आणि वळवलं. मावशी गप्प झाली. मावशी गप्प होणं हे आमच्या घराण्यात मोठं सर्टिफिकेट आहे.

ताईला ते मान्य नव्हतं. "अजून वेळ आहे. माझा फोटो गाडीत आहे."

"तो लावलास तर मी घरी जातो."

"जा ना मग," ताई म्हणाली.

तेवढ्यात आई आली. दारातच थांबली. तिचा हात पदराकडे गेला. ताईशी मी रात्रभर भांडलो असतो, पण आई नुसतं "काढ" म्हणाली असती तर मीच तो उतरवला असता.

ती कुंडी पायाने सरकवून फोटोपाशी गेली. चौकोनांवरून बोट फिरवलं. नसलेल्या दातापाशी जरा जास्त वेळ. मग सावकाश दारापर्यंत परत आली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. हॉलभर सगळे तिच्याकडे बघत होते. ती हसली. पदर खांद्यावरच होता.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "लांबसून बरो दिसता. तुज्यासारखोच."